जावयादेखत भाव

मुलीनं लग्न केलं ते मला फोनवरून कळलं. लग्नसराईचे दिवस होते, दुकान भरलेलं होतं आणि माझ्यासमोर दोन्हीकडची मंडळी बस्त्याला बसली होती. बस्ता म्हणजे आमच्याकडं नुसती कापडखरेदी नसते. नवरीचा शालू, नवऱ्याचा पोशाख, आयाबायांच्या साड्या, मामांचे फेटे, आजीचं लुगडं, सगळं एका बैठकीत, दोन्ही घरांच्या डोळ्यांदेखत निवडायचं आणि गाठोडं बांधायचं. त्यात चहा होतो, रुसवे होतात, कुणाची तरी आत्या उठून चालू लागते, तिला पायरीवरून परत आणावं लागतं. हे सगळं निभावून नेणारी बाई म्हणून कोल्हापुरात लोक मला ओळखतात. कुरुंदवाडच्या बाजारात चादर अंथरून ब्लाउजपीस विकणारी पोरगी मी. आज दुकान माझं आहे आणि त्याच्या एका फळीलाही दुसऱ्या कुणाचा हात लागलेला नाही. तर त्या गर्दीत फोन वाजला आणि मुलगी म्हणाली, "अव्वा, आम्ही आज सही केली."

मी विचारलं, "कशावर?"

जावई नेसरीकडचा. शेतकऱ्याचा मुलगा, ओतकामाच्या कारखान्यात इंजिनिअर. आमचं घर लिंगायत, त्यांचं मराठा, पण माझा राग त्याच्यावर नव्हता. जात विचारून मी कुणाला कापड विकलं नाही. माझा राग वेगळा. अख्ख्या जिल्ह्याचे बस्ते मी बांधले आणि माझ्या एकुलत्या एका मुलीचं लग्न कचेरीत दोन साक्षीदारांपुढं उरकलं. तिच्यासाठी म्हणून काढून ठेवलेल्या साड्या ट्रंकेत तशाच राहिल्या. का असं केलंस म्हणून विचारलं, तर म्हणाली, "तू बस्त्याला बसली असतीस, तर त्यांच्या माणसांना रडवलं असतंस." हे वाक्य मला अजून टोचतं. मी रडवलं असतं की नसतं, ते बघायची संधी तरी द्यायची होती.

त्या दिवसापासून जावयानं आमच्या घराचा उंबरा ओलांडला नाही आणि मी त्याला ओलांड म्हटलं नाही. मुलगी एकटी यायची, जेवायची, जायची. मग त्याला जर्मनीत नोकरी लागली. पाडवा झाला की दोघं जाणार होती. मुलीनं एके दिवशी भांडी घासता घासता सांगितलं, "जायच्या आधी तो एकदा या घरात यायला पाहिजे, अव्वा. त्याला बाहेर ठेवून मी निरोप घ्यायला आत यायची न्हाय." ती माझीच मुलगी. बोलते तसं करते.

राजस्थानला गाडीनं जायची कल्पना जावयाची. माझे मालक जन्मभर बसमध्ये कंडक्टर होते. बिद्रीची फेरी, नेसरीची फेरी, तेच वळण, तीच वडाची झाडं. त्यांना एकदा वाळवंट बघायचं होतं. मला तिकडचं कापड बघायचं होतं. मी म्हटलं, जाऊ. पण मी त्याच्याशी बोलणार नाही. गाडीत बसायला बोलावं लागत नाही.

आणि खरंच लागत नाही. पुढं मालक आणि जावई, मागं मी आणि मुलगी. बोलणं फिरून फिरून यायचं.

"अप्पा, मामींना विचारा की, चहाला थांबायचं का?"

मालक मान न वळवता, "अगं, चहाला थांबायचं काय?"

"सांगा त्यांला, माझं काय न्हाय. ज्याला झोप येती त्यानं प्यावा."

"त्या म्हणत्यात, झोप येत असंल तर घ्या."

"ऐकू आलं, अप्पा."

मुलगी खिडकीतून बाहेर बघत बसायची. असं करत सह्याद्री मागं पडला, ऊस मागं पडला. नर्मदेच्या पुलावर मी पहिल्यांदा गप्प झाले. आमची पंचगंगा मला मोठी वाटायची. पावसाळ्यात ती रस्त्यावर येते तेव्हा मी तिला घाबरलेली आहे. पण ही नदी काहीही न करता, उन्हाळ्याच्या तोंडाला, नुसती पसरून एवढी होती. पूल संपता संपेना. मालकांनी दोन्ही हात जोडले आणि पूल संपेपर्यंत सोडले नाहीत.

गुजरातेत महामार्गावरच्या एका जेवणघरात आम्ही उतरलो. दारातला माणूस पळत आला, आम्हा तिघांना पंख्याखाली बसवलं आणि जावयाकडं बघून म्हणाला, "ड्रायवर का खाना पीछे है, भैया. फ्री है." पांढरा शर्ट, मळलेली चप्पल, हातात किल्ली. त्याचं काय चुकलं? मुलीनं माझ्याकडं बघितलं. मी पाण्याचा पेला उचलला आणि प्यायले. खोटं मी बोलले नाही, मी बोललेच नाही. जावयानं क्षणभर सगळ्यांकडं बघितलं, हसला आणि मागं गेला.

"अव्वा, तुला लाज वाटती का?"

"त्यानं सांगायचं की, मी ड्रायव्हर न्हाय म्हणून. तोंड हाय नव्हं त्याला?"

मुलगी अर्धं जेवण टाकून उठली. जावई मात्र चांगला अर्ध्या तासानं आला, तोही हसत. मागं इतर गाड्यांचे ड्रायव्हर होते, त्यांच्याबरोबर गप्पा मारत जेवला म्हणे.

गुजरातेतल्याच पाटणला गेलो ते दोन गोष्टी बघायला. पहिली वाव. वाव म्हणजे विहीर, असं मला सांगितलं होतं. विहिरी मी बघितल्या आहेत, म्हणून फार अपेक्षा नव्हती. सपाट गवतातून चालत गेलो आणि एकाएकी पायाखालची जमीन खाली उघडली. देवळं वर जातात, हे खाली जात होतं. पायऱ्या, मग खांब, मग आणखी पायऱ्या, आणखी खांब आणि प्रत्येक भिंतीवर मूर्ती. एक बाई आरशात बघते आहे, एक केस पिळते आहे, आणि शेजारी देव उभे. बाईच्या कमरेवरच्या वस्त्राची घडी दगडात होती आणि मी जन्मभर घड्या घालणारी बाई, मला ती मोडावीशी वाटेना. मला एक खोड आहे. कुठलीही चीज दिसली की मनातल्या मनात तिचा भाव काढते. दगड किती, मजूर किती, किती पिढ्या. तिथं मी सुरुवात केली आणि तिसऱ्या पायरीवर सोडून दिलं.

एका राणीनं नवऱ्याच्या आठवणीसाठी हे बांधलं, असं गाईड म्हणाला.

"बघ," मालक म्हणाले. "आणि तू मला बनियन घेताना पण दुकानदाराशी भांडतीस."

"तुम्ही आधी जावा की. मग बघू काय बांधायचं ते."

जावई पुढं होता, त्याचे खांदे हलले. तो हसत होता. मी ते बघितलं नाही असं केलं.

दुसरी गोष्ट पटोळा, तिथली रेशमी साडी. विणकराच्या घरी गेलो. माग तिरका, दोन माणसं बसलेली, आणि बोलणं जवळजवळ नाही. धागे आधी बांधायचे, रंगवायचे, सोडायचे, पुन्हा बांधायचे. उभे वेगळे, आडवे वेगळे. विणताना उभ्यातला ठिपका आडव्यातल्या ठिपक्यावर बरोबर बसला पाहिजे. हललेला धागा माणूस सुईनं सरकवत होता, जसं एखादी आई लेकराच्या डोळ्यातलं कुसळ काढते. एक साडी विणायला महिनोन्महिने जातात. मी हात धुऊन आले आणि विचारलं, हात लावू का? त्यांनी साडी माझ्या मांडीवर ठेवली.

कापड हातात आलं की मी आधी ते उलटं करते. सगळा खोटेपणा उलट्या बाजूला असतो. हे उलटं केलं. मग पुन्हा केलं. मग मला कळेना, आता माझ्यापुढं कुठली बाजू आहे. या साडीला उलटी बाजूच नव्हती. दोन्हीकडं तेच हत्ती, तीच फुलं, तोच लाल.

विणकरानं भाव सांगितला. मी अर्ध्यापासून सुरुवात करणारी बाई. माझ्या तोंडून निघालं, "बरोबर हाय." घेण्याची माझी ऐपत नव्हती असं नाही, पण घेऊन मी ती कुठं नेसणार होते? आणि विकायला घ्यावी, तर माझ्या दुकानातल्या ट्यूबलाइटखाली ती शोभली नसती. मी घडी घातली. बाहेर आल्यावर मालकांनी एक किल्लीला लावायचा पितळी हत्ती घेतला, विकणाऱ्यानं सांगितलेल्या पहिल्या भावाला. मी काही बोलले नाही. मालक घाबरून दोन वेळा माझ्याकडं बघून गेले.

पुढं रस्ता कोरडा होत गेला. आम्ही उसात वाढलेली माणसं. आमच्याकडं नजर बांधापर्यंत जाते, तिथं ऊस उभा असतो, पलीकडं काय आहे ते पुढच्या बांधाला कळतं. इथं नजर अडवायला काही नव्हतं. एखादं खेजडीचं झाड, एखादी शेळी, आणि मग आकाश. मला चक्कर आल्यासारखं झालं. मालकांनी काच खाली केली आणि हात बाहेर धरून बसले, जसं वारा पहिल्यांदाच लागतोय. मुलगी माझ्याशी बोलत नव्हती, पण तिनं माझा हात धरला. एवढ्या मोकळ्या जागेत माणसाला काहीतरी धरावंसं वाटतं.

जैसलमेरचा किल्ला लांबूनच दिसला. वाळूतून वाळूच वर आल्यासारखा, पिवळा, उन्हात भाजलेल्या भाकरीच्या रंगाचा. पन्हाळा बघितलेला माणूस किल्ला म्हटलं की पडका तट बघायला जातो. या किल्ल्यात माणसं राहत होती. आत स्वयंपाक चालू होता, कुकरच्या शिट्ट्या होत होत्या, गाई गल्लीत उभ्या होत्या. आणि वरच्या खिडक्या दगडाच्या, पण जाळी अशी कोरलेली की एखाद्या बाईनं क्रोशाची लेस विणून वाळत घातली आहे असं वाटावं. मी मान वर करून इतका वेळ उभी राहिले की एक गाय मला ढकलून गेली.

तिथं दुकानंही होती आणि दुकान दिसलं की मी शुद्धीवर येते. मला वाकळ हवी होती. जुन्या कपड्यांचे थर आणि तुकडे जोडून शिवलेली गोधडी, आमच्या वाकळीसारखीच, तिकडं रल्ली म्हणतात. एका दुकानात मी बसले. दुकानदार गोडबोल्या, मीही कमी नाही. दोनदा उठून गेले, दोनदा त्यानं परत बोलावलं. शेवटी सांगितलेल्या भावाच्या निम्म्यापेक्षा खाली आणून मी ती काखोटीला मारली आणि गाडीपाशी आले. पाटणनंतर पहिल्यांदा मला मी असल्यासारखं वाटलं.

मुलगी बॉनेटला टेकून उभी होती. "केवढ्याला आणलंस?"

मी सांगितलं.

"छान. त्यात ड्रायव्हरचा हिस्सा हाय."

"कुठला हिस्सा?"

"तू आत भांडत होतीस तवर त्यांचा माणूस बाहेर आला. ह्याला म्हणतोय, तुझी बाई जेवढं घेईल त्यातला तुझा वाटा संध्याकाळी घेऊन जा. सगळ्या ड्रायव्हरांना देतात. भाव त्यासकटच लावलेला असतोय. तुझं निम्मं म्हणजे त्यांचं पूरं."

मी आल्या पावली परत गेले. त्या दुकानात मी काय काय बोलले ते इथं लिहीत नाही. मराठीत बोलले, पण त्याला सगळं कळलं. वाकळ त्याच्या गादीवर टाकून पैसे परत घेतले. गाडीत बसले तरी माझा श्वास ठिकाणावर येत नव्हता.

मग जावई पुढच्या काचेकडं बघत म्हणाला, "अप्पा, मामींना सांगा. बाडमेरकडं जाताना वाटेत एक ढाणी लागती, वस्ती म्हणा. तिथल्या बायका रल्ल्या शिवत्यात. दुकानवाले तिथनंच नेतात. त्या जेवणघरात मागं एक बाडमेरचा ड्रायव्हर भेटला होता, त्यानं पत्ता दिलाय."

मालकांनी मान वळवली. "अगं..."

"ऐकलं," मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिथं गेलो. वाळूतून गाडी कशीबशी नेली. मातीची गोल घरं, अंगण असं सारवलेलं की चप्पल घालून जायला लाज वाटावी. खाटेवर एक म्हातारे आजोबा मोठा फेटा बांधून लोकर वळत बसले होते. त्यांची म्हातारी आणि सून अंगणात आल्या. सुनेला हिंदी येत होतं. त्यांनी एकेक वाकळ उलगडायला सुरुवात केली आणि मी पुन्हा गप्प झाले.

आमची वाकळ ऊब देण्यासाठी असते. कोण बघतंय? लुगड्याचे तुकडे, टाके मोठे, काम झालं. इथं तेच जुने तुकडे, तेच फाटकं धोतर आतल्या थराला, पण चौकोनातून चौकोन उगवत गेलेले, आणि त्यावर टाके तांदळाच्या दाण्याएवढे, ओळीनं, या काठापासून त्या काठापर्यंत, कुठंही थकलेले नाहीत. अशी लाल-काळी एक वाकळ अंगणात पसरली तेव्हा मागं ती भुरी वाळू आणि वर ते रिकामं आकाश होतं. एवढ्या रंगहीन जागेत बसून बाईला एवढे रंग सुचले कुठून, हे मला समजेना. मी खाली बसून एक ओळ बोटानं शेवटपर्यंत चाचपत गेले.

भाव आजोबांनी सांगितला. दुकानापेक्षा तो पुष्कळ कमी होता. पण मी मीच आहे. सवयीनं तोंडातून निघालं, "ओ पावणं! नीट सांगा की. एवढं कुठं असतंय व्हय?"

आमच्याकडं अनोळखी बाप्या म्हणजे पावणं. रिक्षावाला पावणं, गिऱ्हाईक पावणं, तिकीट नसलेला प्रवासीसुद्धा मालकांना पावणंच. पण तिथं एकदम शांतता झाली. मग म्हातारीनं ओढणी तोंडावर धरली आणि तिचे खांदे हलायला लागले. सून पळत घरात गेली आणि आतून खिदळायचा आवाज आला. आजोबांनी मिशीला हात लावला.

सून बाहेर येऊन म्हणाली, "माँजी, आपने इनको पावणा बोला? पावणा तो हमारे यहाँ जँवाई को बोलते हैं. दामाद को!"

मी त्या पिकल्या मिशीच्या माणसाला माझा जावई करून टाकलं होतं.

मालक हळूच म्हणाले, "घे. एक झेपंना, तवर दुसरा केलास."

म्हातारीचं हसू ओसरलं, तशी तिनं डोळे पुसून मला विचारलं, "तेरा असली पावणा कौन है? है कोई?"

जावई लांब गाडीपाशी उन्हात उभा होता. त्या जेवणघरापासून कुणाच्या दारात गेलो की तो असाच उभा राहायचा. आम्ही आत, तो बाहेर. कुणी विचारलं नाही, तर मी सांगत नव्हते. मुलगी वाकळीचा कोपरा मांडीवर घेऊन बसली होती. तिनं मान वर केली नाही, पण तिचा हात टाक्यांवरून फिरायचा थांबला.

मी गाडीकडं बोट केलं. "वो."

"जँवाई धूप में खड़ा है?" म्हातारी कडाडली. तिनं अशी हाक मारली की शेळ्या उठल्या. त्याला आत आणलं, दुसरी खाट टाकली, वर नवी रल्ली अंथरली, पितळी लोट्यातून पाणी दिलं. एखाद्या घरात जावई आल्यावर जी गडबड होते, ती सगळी परक्याच्या अंगणात झाली आणि मी बघत बसले.

ती गडबड संपल्यावर मी पुन्हा भावाचा विषय काढला. म्हातारीनं हात वर केला. "ना. जँवाई के सामने भाव? ना, ना."

सुनेनं समजावलं, आमच्या घरात जावई बसलेला असताना कुणी भाव करत नाही. त्याला हलकं वाटतं. सासरच्यांचा हात आखडता आहे, असं दिसतं.

मी तिथंच पकडले गेले. कारण हे वाक्य माझं आहे. बस्त्यात नवऱ्याच्या पोशाखावर मुलीकडचे घासाघीस करायला लागले की मी हळू आवाजात म्हणते, "जावयाच्या कापडाला भाव करतासा व्हय? त्यो बसलाय की समोर." त्यापुढं आजवर कुणी तोंड उघडलेलं नाही. या वाक्यावर मी पोशाखामागून पोशाख विकलेत. म्हातारी नुसती म्हणत होती की तिला खरंच तसं वाटत होतं, मला सांगता येणार नाही. मी असते तर दोन्ही असतं.

आता एकच वाट होती. अहो, गंमत केली, ड्रायव्हर आहे तो, असं म्हणायचं आणि भाव करायचा. मुलगी आता सरळ माझ्याकडं बघत होती.

मी आजोबांनी सांगितला तेवढाच भाव मोजला. जन्मात पहिल्यांदा. मालकांचं तोंड उघडं राहिलं.

आणि मग जावई बोलला. लोटा खाली ठेवून, अगदी गरीब चेहऱ्यानं, म्हातारीला म्हणाला, "दादी, आपके यहाँ पावणे को खाली हाथ भेजते हैं क्या?"

म्हातारीनं डोळे बारीक केले. "पावणा तू इनका है. हमारा थोड़े है."

"मामी ने दादाजी को पावणा बोला ना? तो मैं पावणे का पावणा."

आजोबा इतके हसले की त्यांची लोकर खाली पडली. म्हातारी पुटपुटत आत गेली आणि बसायला घेतात तशी एक छोटी चौकोनी रल्ली आणून तिनं त्याच्या मांडीवर टाकली. त्यानं ती डोक्याला लावली, नीट उलगडून बघितली आणि म्हणाला, "सुंदर है. पर हम तो दो जन हैं, दादी. जोड़ी होती तो..."

म्हातारीनं त्याच्या पाठीत धपाटा घातला. आणि दुसरी आणली.

मी तोंडावर पदर धरला नव्हता, पण धरायला हवा होता. हा पोरगा! आवाज चढवला नाही, उठून गेला नाही, मालाला नावं ठेवली नाहीत. आणि देणारी बाई देताना हसत होती. इतकी वर्षं मी भाव करते. लोकांनी मला दिलंय, पुष्कळ दिलंय, पण हसत दिलेलं मला आठवत नाही. वावेत उतरताना मला जसं वाटलं होतं, की हे खाली अजून आहे, अजून आहे, तसं काहीतरी मला त्या खाटेवरच्या माणसाकडं बघून वाटलं.

निघताना म्हातारीनं मुलीच्या डोक्यावरून हात फिरवून बोटं मोडली. गाडी वाळूतून रस्त्याला लागली. माझ्या मनात एक गोष्ट घोळत होती आणि ती बाहेर पडल्याशिवाय मला चैन पडणार नव्हती.

"दारावर ते लांबडं तोरण टांगलं होतं," मी म्हटलं. "आरशांचं. ते दिसलं न्हाय व्हय तुम्हाला?"

गाडीचा वेग कमी झाला. माझं बोलणं मालकांना नाही, हे सगळ्यांना कळलं होतं.

"दिसलं, मामी."

"मग ते मागायचं की! बसकरं कशाला मागितलासा?"

"मला वाटलं, तोरण तुम्ही मागाल."

"मी कशी मागू? मी सासू न्हवं का! मला तोंड बांधून बसवलं तिनं."

मालक खो खो हसले. मुलगी हसली नाही. तिनं कपाळ काचेला टेकवलं आणि बाडमेर येईपर्यंत तशीच बसून राहिली.

परतीच्या वाटेवर आम्ही फार बोललो असं नाही. मी त्याला दोनदा गाडी हळू चालवायला सांगितलं आणि एकदा, भरधाव ट्रकला वाट दिली म्हणून, भित्रा म्हटलं. बस्त्याचा राग गेला, असंही कुणी समजू नये. ट्रंक उघडली की तो वर येतो. तो माझा आहे आणि मी तो ठेवणार आहे. पण नर्मदा परत लागली तेव्हा जावयानं आपणहून पुलाअलीकडं गाडी कडेला घेतली. आम्ही चौघं कठड्यापाशी कितीतरी वेळ पाण्याकडं बघत उभे राहिलो.

कोल्हापुरात शिरलो तेव्हा दुपार कलली होती. आमच्या गल्लीच्या तोंडाला पिंपळाचा पार आहे. मुलीला सोडायला किंवा न्यायला येताना जावई नेहमी तिथंच गाडी थांबवायचा. आजही थांबवली. मालक उतरले, मुलगी उतरली. मी उतरले नाही.

त्यानं आरशातून बघितलं. "मामी, आलं की."

"माझं पाय सुजल्यात. एवढं चालवत न्हाय."

तो थोडा वेळ स्टिअरिंगवर हात ठेवून बसला. मग त्यानं गाडी गल्लीत घातली. शेजारणी दारात आल्या. मी दारापाशी उतरले, कुलूप उघडलं आणि म्हटलं, "ती वाकळ जड हाय. मालकांच्यानं उचलायची न्हाय."

आत जाऊन मी तांब्याभर पाणी आणि प्रवासाच्या डब्यातला भाकरीचा तुकडा घेतला. तो वाकळ खांद्यावर घेऊन उंबऱ्याबाहेर उभा होता, मुलगी त्याच्या शेजारी. तुकडा दोघांवरून ओवाळून टाकला आणि दोघांच्या पायांवर पाणी ओतलं. चप्पल भिजली त्याची. "असं बघत काय उभा राहिलासा?" मी म्हटलं. "या आत. ऊन लागतंय."

त्यानं वाकळ खाटेवर ठेवली आणि कुठं बसावं ते न कळून उभाच राहिला. मालकांनी त्याला खुर्ची दिली. मी चहा टाकायला आत गेले. शेजारणीनं आणून दिलेलं दूध तापायला ठेवलं. बाहेरून मुलीचा आवाज आला, रडल्याचा की हसल्याचा ते मला कळलं नाही. मी बघायला गेले नाही. दूध वर यायला लागलं होतं, मी तिथंच उभी राहिले.